जिवंत माणसाचा पिंड

आधीच सांगून टाकते — भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मी काहीही मानत नाही. नागपुरात मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं सामान्य विज्ञान शिकवलं. कुणी असले अनुभव सांगायला लागलं की मी विचारायची, 'रात्रीचं जेवण जड झालं होतं का?' या सदरातले अनुभव वाचतानासुद्धा मी मनातल्या मनात लाल शाईच्या खुणा करत असते... तेव्हा माझ्या लिहिण्यावर तुम्ही खुणा केल्यात तर माझी तक्रार नाही. घडलं तसं लिहिते. माझा रागही त्यात येणारच, तो वगळून हे सांगता येत नाही.

आमचे हे, मधुकर, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होते. आम्ही राहायचो नंदनवनला. तेव्हा तिथले निम्मे प्लॉट रिकामेच होते. मूलबाळ नव्हतं, सासू-सासरेही राहिले नव्हते. त्र्याहत्तर साली ह्यांना नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं.

पहिल्या तीन पत्रांत थंडी आणि उकडलेले बटाटे होते. चौथ्या पत्रात एक मंदिर आलं. तिथे गोरी पोरं धोतर नेसून भजनं म्हणतात आणि रविवारी गरम खिचडी मिळते, असं कौतुकाने लिहिलं होतं. मी हसले. घरी देवापुढे उदबत्ती लावा म्हटलं की ह्यांना कधी काडेपेटी सापडायची नाही! एकटा माणूस परमुलखात खिचडीसाठी देवळात जातो तर जाऊ दे, असं मला वाटलं.

नऊ महिने संपले, पण हे आले नाहीत. नोकरीचा राजीनामा तेवढा पोस्टाने आला. त्यानंतर जी पत्रं यायची त्यांच्यावर देवाचं छापील चित्र असायचं आणि खाली मायना — 'प्रिय माताजी'. त्या संप्रदायात (नाव लिहीत नाही, त्यांची जाहिरात मी कशाला करू?) सगळ्या बायकांना माताजी म्हणायचा नियम होता. बायकोलासुद्धा! सात वर्षं संसार केलेल्या माणसाने मला आई करून टाकलं होतं. सही असायची 'मुकुंददास'.

ते पत्र मी मेश्रामबाईंना दाखवलं. त्या आमच्या शाळेत गणित शिकवायच्या, माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या आणि बोलायला एकदम सडेतोड. चष्मा वर करून त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"आम्ही तं हे सारं छप्पन्न सालीच टाकलं, बाई," त्या म्हणाल्या. "अन् तुमच्या माणसाईले तेच शिकाले विलायतेत जा लागते?"

चार वर्षं अशीच गेली. सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात एक दिवस शाळेतून आले तर फाटकाशी भगवी वस्त्रं घातलेला एक माणूस उभा. मुंडण केलेलं, मान वाळलेली, हातावर थंडीने फुटलेल्या भेगा. मी ओळखलं ते त्याच्या उभं राहण्यावरून. हे नेहमी डाव्या पायावर भार टाकून उभे राहायचे.

"माताजी," हे म्हणाले, "मला संन्यास घ्यायचा आहे. पत्नीची अनुमती लागते."

चार वर्षांत कशी आहेस, हे विचारलं नव्हतं. आत्ताही विचारलं नाही. "एवढ्यासाठी आलात?" मी म्हटलं. "जा. कायमचे जा."

खरं सांगते, हे थांबावेत म्हणून मी तसं बोलले होते. मला हे हवे होते. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांसमोर हवे होते. पण ह्यांनी हात जोडले, 'अनुमती मिळाली' म्हणाले आणि वळले. फाटकाबाहेर मोटारीत बसलेल्या गोऱ्या माणसाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. तोच त्यांचा प्रमुख. पस्तिशीतला, उंच, निळ्या डोळ्यांचा. त्याला सगळे महाराज म्हणायचे. सहा गोऱ्या शिष्यांना घेऊन तो सावनेर रोडवर एका शेठच्या बंगल्यात उतरला होता. दीक्षेचा विधी भारतात, अगदी शास्त्राप्रमाणे करून त्याची फिल्म काढायची आणि तिकडच्या केंद्रांमध्ये दाखवायची, असा त्याचा बेत होता.

दुसऱ्या दिवशी निरोप आला — अनुमती अग्नीसमोर पुन्हा द्यावी लागेल, रविवारी सकाळी खापरखेड्याजवळ नदीवर या. ही जागा ह्यांनीच सुचवली असणार, तिथल्या वाळूत आम्ही कितीदा फिरायला गेलो होतो. मी जाणारच नव्हते. पण मेश्रामबाई म्हणाल्या, "तू नाही गेली तं आयुष्यभर मनाले खात राहशील. चाल, मी येतो तुह्यासंगं."

संन्यास घेणारा माणूस आठ श्राद्धं करतो, त्यातलं शेवटचं स्वतःचं. म्हणजे जिवंतपणीच आपला पिंड आपण द्यायचा आणि जगाला मेलो म्हणायचं. नागपुरातल्या महाल भागातल्या जोशीगुरुजींना त्यांनी बोलावलं होतं. साधा, घाबरट माणूस. कॅमेरा बघून बिचारे दर दोन मंत्रांनी उपरणं सारखं करत होते. वेळ आली तेव्हा गुरुजींनी मला विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे खाली बघत होते. मग मलाही हट्ट चढला. "आहे अनुमती," मी म्हटलं. तीनदा म्हटलं.

वाळूत केळीच्या पानावर आठ पिंड ओळीने मांडले होते. गुरुजी म्हणाले, "आता हे नदीत सोडायचे, झालं." तेवढ्यात महाराजाने आपलं पुस्तक उघडलं. त्याने कुठेतरी वाचलं होतं की कावळा शिवल्याशिवाय पिंड पोचत नाही. तेव्हा कावळा शिवलाच पाहिजे!

महाराजाचं इंग्रजी हे गुरुजींना मराठीत सांगत होते. गुरुजी चक्रावले. "अहो, ते मेलेल्या माणसाचं! दहाव्या दिवसाचं! हा तर समोर उभा आहे." पण महाराज ऐकेना. मुकुंददास आजपासून मेला आहे, मग कावळा का नको, असा त्याचा सवाल. आपल्या चालीरीती पुस्तकातून उचलायच्या आणि वर गुरुजींना शिकवायच्या! शेवटी गुरुजींनी मान हलवली आणि सगळे मागे सरकले.

बाभळीवरून कावळे लगेच उतरले. वीस-पंचवीस तरी असतील. पहिले सात पिंड पाच मिनिटांत फस्त झाले. आठव्याला मात्र चोच लावली नाही. त्याच्याभोवती गोल करून ते वाळूत बसले. हातभर अंतरावर, नुसतेच बसले.

महाराजाने शिष्यांना भजन म्हणायला लावलं. मग केळं कुस्करून पिंडावर ठेवलं, मग पान उचलून चार पावलं पलीकडे नेलं. कावळेही उडत उडत तिकडे गेले आणि परत तसेच गोल बसले. ऊन चढलं. मेश्रामबाईंनी माझा दंड धरला.

"ओरडून काहून नाही राहिले वं हे कावळे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं... दीड-दोन तासांत एकाही कावळ्याने आवाज काढला नव्हता.

गुरुजी चाचरत म्हणाले, "अशा वेळी घरचे लोक गेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवतात, मग शिवतो. इथे तर... त्यांनाच विचारा."

"माझी काही इच्छा नाही," हे म्हणाले. पाठ केलेल्या आवाजात. सगळे कावळे एकदम एक उडी मागे सरले. हे मी एकटीने पाहिलेलं नाही, कॅमेरावाला शिष्यही दचकून मागे झाला होता.

महाराजाचा संयम सुटला. दुसरा काही उपाय असेल तर करा, म्हणाला. गुरुजींनी उपाय सांगितला — कावळा शिवेना तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. त्यांनी दर्भ वळला, तीन गाठी मारल्या, बांधायला दोरा नव्हता म्हणून उपरण्याच्या लाल काठाची चिंधी फाडून बांधली. वाकून ते तो पिंडाला लावणार... वीतभर अंतर राहिलं असेल, तेवढ्यात मागून एक कावळा आला आणि त्यांच्या बोटांतून तो दर्भाचा कावळा घेऊन गेला. त्याच्यामागे सगळेच्या सगळे उठले आणि नागपूरच्या दिशेने गेले. काठावर एक कावळा उरला नाही. पिंड मात्र जसाच्या तसा होता.

महाराज ओरडला, दुसरा करा! गुरुजींनी दोन्ही हात जोडले. "मला जमायचं नाही," म्हणाले आणि पंचपात्र पिशवीत भरायला लागले.

आणि हे वाळूत मटकन खाली बसले.

"मी खोटं बोललो," हे म्हणाले. महाराजाला नाही, मला. मराठीत. तिकडे मंदिराच्या दारावर ह्यांची ड्यूटी असायची. एकोणीस वर्षांची एक मुलगी तिथे राहायला आली होती आणि महिन्याभरात घरी जायचं म्हणून रडायला लागली होती. तिचा बाप न्यायला आला. महाराजाचा हुकूम होता, म्हणून ह्यांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं की ती इथे नाही, दुसऱ्या केंद्रात गेली. "ती वरच होती. जिन्यात उभी राहून ऐकत होती. तो माणूस तीन दिवस समोरच्या फूटपाथवर बसून होता... त्याला मी खिचडी नेऊन दिली. प्रसाद म्हणून."

"मग तेव्हाच का नाही निघालात?" माझा आवाज चढला होता.

"कोणत्या तोंडाने येऊ? नोकरी सोडली, तुले सोडलं." कितीतरी वर्षांनी हे 'तुले' म्हणाले. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "मले घरी ने वं."

हे काय बोलतायत ते महाराजाने मला इंग्रजीत विचारलं. 'त्यांनाच विचारा,' मी म्हटलं. मग त्याने ह्यांनाच सुनावलं — आत्ता बाहेर पडलास तर जन्मोजन्मी नरकात कुजशील, आणि तुझे कागद माझ्याकडे आहेत हे विसरू नकोस. हे उठले. वाळू झटकली. "पासपोर्ट ठेवून घ्या," एवढंच इंग्रजीत म्हणाले. गुरुजींनी आपली शाल ह्यांच्या अंगावर टाकली आणि आम्ही तिघं एसटीच्या थांब्याकडे निघालो.

एसटीने सीताबर्डी, तिथून रिक्षाने नंदनवन. घराला सकाळी मीच कुलूप लावलं होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये. मी फाटक उघडून पुढे झाले आणि थांबले. उंबऱ्यावर, बरोबर मधोमध, दर्भाचा कावळा पडला होता. तीन गाठी. लाल काठाची चिंधी.

मेश्रामबाईंनी तो उचलला. उलटसुलट करून बघितला. "मी काही मानत नाही, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "पण हे मी माह्या डोळ्यानं पाहून राहिली." हे दाराला टेकून लहान मुलासारखे रडले.

पुढच्या आठवड्यात मी तो कावळा घेऊन महालात गेले. गुरुजींनी उपरणं आणलं. चिंधी फाटक्या जागी लावली, धाग्याला धागा बसला. नदीपासून आमचं घर पंचवीस-एक किलोमीटर. कुणी आणून ठेवला म्हणावं तर कोण? कावळा तो घेऊन उडाला हे दहा जणांनी पाहिलं होतं. शेजारी विचारलं, कुणी आलं-गेलं नव्हतं. मी कावळ्यांवरची पुस्तकंसुद्धा आणून वाचली. ते घरट्यासाठी काड्या नेतात हे मला ठाऊक आहे, मी शिकवलेलं आहे. पण डिसेंबरात? आणि नेमक्या माझ्याच उंबऱ्यावर?

हे माझ्याजवळ अकरा वर्षं राहिले. एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम धरलं. देवळाची पायरी पुन्हा चढले नाहीत. त्या मुलीच्या बापाचा पत्ता मिळवायला ह्यांनी किती पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. संसार बरा झाला आमचा. तरी माझ्या मनातला एक काटा निघाला नाही. मी अनेकदा विचारायची, "अहो, त्या दिवशी कावळा शिवला असता तर गेला असतात ना?" हे उठून कुंड्यांना पाणी घालायला जायचे. हे माझ्यासाठी परतले की कावळ्याने अडवलं म्हणून राहिले, ते मला कधी कळलं नाही. आणि मीही तीनदा दिलेली ती अनुमती कधी तोंडाने परत घेतली नाही. हट्ट, दुसरं काय?

अठ्ठ्याऐंशी साली हे हार्ट अटॅकने गेले. दहाव्याला बायका जात नाहीत. मी गेले. त्याच नदीवर, त्याच गुरुजींना घेऊन. कावळा ताटकळत ठेवणार याची मला खात्री होती. पर्समध्ये त्या दर्भाच्या कावळ्याचा डबा होता, आणि वाक्यही तयार होतं — 'मी जा म्हटलं होतं ते परत घेते.' अकरा वर्षं घोकलेलं वाक्य. आज बोलायचंच, असं ठरवून मी पुढे झाले.

गुरुजींनी पिंड ठेवला. त्यांचा हात अजून पिंडावरून उठलासुद्धा नव्हता, तेवढ्यात कावळा आला, शिवला आणि गेला.

मला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. ह्यांना ते ऐकायचं नव्हतं, की कधीच ऐकून झालं होतं? शाळेत मुलींना मी सांगायची, प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, शोधावं लागतं. याचं उत्तर मी शोधलं. मिळालं नाही.