छप्पनचा मॉडेम आणि शकुनबाईची तार

अश्वजितला खुर्चीत बसवत नव्हतं. उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा आणि संगणकाच्या कोपऱ्यातल्या दोन इवल्याशा लुकलुकणाऱ्या चित्रांवर बाण नेऊन आकडा बघायचा. एकतीस. मघाशीही एकतीस, कालही एकतीस, परवा तर सव्वीस. आणि टेबलाखाली ठेवलेल्या मॉडेमच्या खोक्यावर लालभडक अक्षरांत छापलेलं होतं: छप्पन.

"छप्पनचे एकतीस कसे झाले बे?" दारात सायकल पुसत बसलेल्या त्याच्या वडिलांनी, परसरामनं विचारलं. "मंधातले पंचवीस कोन खाल्ले?"

"बाबा, तेच तं पाहून राहिलो."

"पाय, पाय. नाही सापडले तं पुन्याची गाडी वरठी ठेसनावरूनच जाते."

परसराम हे हसत म्हणायचा, पण अश्वजितला ते टोचायचं. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तो पुण्याला एका कारखान्यात वर्षभर राहून आला होता. एका खोलीत सहा जण, आंघोळीला रांग, आणि सुट्टीच्या दिवशी करायला काही नाही. करडीला, आपल्या गावी परत आला तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, गावात फोन बऱ्याच घरी पोचले होते, आणि त्याच्या डोक्यात एकच विचार भिरभिरत होता: काम जर तारेवरून येतं आणि तारेवरून जातं, तर माणसानं कशाला जायचं?

असं काम त्याला सापडलंही होतं. नागपूरच्या एका कंपनीला जुन्या तलावांचे कागदी नकाशे संगणकावर उतरवून हवे होते. कंपनीचे मधुकरराव फोनवर मोजकं बोलायचे. "एक नकाशा नमुना म्हणून पाठवतो. तुम्ही तयार करून आमच्या सर्व्हरवर चढवा. सोमवारी दुपारी मी ठरवतो. तुमचा आला तर काम तुमचं. नाही तर उमरेडचा एक मुलगा तयार आहे."

नकाशा अश्वजितनं एका बैठकीत, चार तासांत काढला. तलावाची पाळ, सांडवा, नहर, खालची धानाची बांधी न् बांधी, सगळं रेषेवर रेष. काढणं सोपं होतं. अडलं पाठवण्यात. फाइल पाच एमबीची. ती चढायला अर्ध्या तासाच्या आसपास लागायचा, आणि मध्येच लाइन तुटायची. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारी संध्याकाळी तीनदा तुटली. शनिवारी एकदा तर शेवटाला आली असताना तुटली, आणि अश्वजितनं टेबलावर असा हात मारला की पार्वताबाई स्वयंपाकघरातून पळत आली.

"काय पडलं?"

"काही नाही आई. लाइन पडली."

"मंग टेबलाले काहून मारतेस? त्यानं काय केलं?"

शनिवारीच तो लाइनमन श्यामरावला गाठून आला होता. श्यामराव खांबाखाली पान खात उभा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हॅलो म्हटलं तं आयकू येते का?"

"येते."

"मंग लाइन चोख आहे."

"बोलायला चोख आहे हो, पण डेटाला..."

"भाऊ, फोन बोलासाठी आहे. अन् छप्पन आमी छापलं का खोक्यावर? ज्यानं छापलं त्याले विचारा ना."

अश्वजितला राग आला, पण सायकलवर घरी येताना तो छापणाऱ्याचाच विचार करत होता. छप्पन म्हणजे छप्पन हजार बिट एका सेकंदाला. आठ बिट मिळून एक बाइट, म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा ठरला तरी पदरात सातच हजार बाइट पडणार. इथेच निम्म्या लोकांचा घोटाळा होतो, हे त्याला माहीत होतं. पुढचं असं की छप्पन हा तार कोरी, छोटी, अखंड असेल तेव्हाचा आकडा. मॉडेम फोन लावताना जी किरकिर करतो ती उगाच नसते. तो पलीकडच्या मॉडेमशी बोलून तार तपासत असतो. इथे खरखर किती, आवाज किती दबतो, हे बघून दोघं मिळून झेपेल तेवढा वेग ठरवतात. म्हणजे एकतीस हा आकडा तारेचा होता. तारेत काय आहे ते बघायला हवं होतं.

म्हणून रविवारी दुपारी तो खांबापासून तार हातानं चाचपत निघाला. खांबावरून छपरावर, छपरावरून खिडकीत. तिथे एक फाटा फुटून मागच्या गोठ्याकडे गेला होता. अश्वजित थबकला. ही तार त्याला माहीत होती, इतकी माहीत होती की ती दिसायचीच बंद झाली होती. तो दहावीत असताना घरी फोन आला, तेव्हा शेजारच्या भैय्यालालनं खांब उभा करायला हात लावला होता आणि परसरामनं त्याच दिवशी सांगितलं होतं, "दोन घरं, एक फोन." गोठ्याच्या भिंतीवरून तार पलीकडे नेली, फोनचा जुना डबा जोडला. भैय्यालाल वारला त्याला आता दोन वर्षं झाली होती. फोन त्याच्या बायकोकडे, शकुनबाईच्या घरी राहिला. मुलगा अमर हैदराबादला बांधकामावर होता, त्याचा फोन आला की दोन्ही घरी घंटी वाजायची आणि अश्वजितच्या घरी कोणी उचलायचं नाही.

गोठ्यात तारेला जोड होता. तांब्याला तांबं पिळलेलं, त्यावर खताच्या चुंगडीची, प्लास्टिकच्या पोत्याची पट्टी बांधलेली. पट्टी सोडली तर आत हिरवा गंज. पुढे पलीकडच्या घरापर्यंत तीस-चाळीस हात तार नुसती लोंबत होती. आवाज त्या फाट्यात शिरून, टोकावर आपटून परत येत असणार, आणि मॉडेमला तो आपलाच आवाज खरखर वाटत असणार. अश्वजितचे हात शिवशिवले. शकुनबाईला विचारावं, असं मनात आलं. पण विचारायला गेलं की चहा, मग अमरच्या गोष्टी, मग संध्याकाळ. अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता. त्यानं जोड उकलला आणि तारेची दोन टोकं एकमेकांपासून दूर वाकवून ठेवली.

घरात येऊन फोन लावला. किरकिर, घरघर, आणि आकडा आला: चव्वेचाळीस.

"बाबा! चव्वेचाळीस!"

"तेरा परत आले मनजे," परसराम बाहेरून म्हणाला. "बाकीचे उद्या येतील."

फाइल चढायला लागली आणि अश्वजित खुशीत पडद्यापुढे बसला. पण पडद्यावरची हिरवी पट्टी कालच्याच चालीनं सरकत होती. त्यानं हिशोब केला, पुन्हा केला. वेग चव्वेचाळीस आणि जातंय तेवढंच? मग त्याला आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. छप्पनचा सगळा बडेजाव वरून खाली येणाऱ्याचा, म्हणजे उतरवून घ्यायच्या फाइलींचा. इंटरनेट कंपनीचं पलीकडचं टोक एक्सचेंजच्या यंत्राशी थेट आकड्यांत बोलतं, म्हणून खाली येताना कमी बिघडतं. आपण पाठवतो तेव्हा मात्र आपल्या तारेतल्या आवाजाचे एक्सचेंजमध्ये आकडे करावे लागतात, आणि प्रत्येक आकडा थोडा इकडेतिकडे होतो. वर चढणारं तेहतिसाच्या पुढे जातच नाही, तार सोन्याची असली तरी. ज्या बाजूला त्याला घाई होती, त्या बाजूचा आकडा खोक्यावर छापलेलाच नव्हता.

तरी आज तुटत नव्हतं. पट्टी अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या पुढे गेली. अश्वजित उठला, बसला, पाणी प्यायला.

तेवढ्यात शकुनबाई दारात आली. हात ओले, पदर कमरेला खोचलेला.

"बाबू, फोन मेला वाटते."

अश्वजित पडद्याकडेच बघत राहिला. "कसं काय काकी?"

"रोज सांजच्याले उचलून पाहा लागते ना. पावसात मरते अन् आपल्याले समजतही नाही. आधी बरा टूँऽऽ वाजे. आता आठ दिवस झाले, कधी किर्र करते, कधी खरखरते. मंग दोन-तीनदा ठेवावं, उचलावं, बरा होते का मनून. आज तं काहीच नाही बाप्पा. सुन्न."

अश्वजितनं आता तिच्याकडे वळून बघितलं. म्हणजे शुक्रवारी तीनदा, शनिवारी शेवटाला, ते सगळं हेच. तिनं रिसीव्हर उचलला की इकडची लाइन तुटत होती, लाइन तुटली की तिकडचा आवाज बदलत होता, आणि आवाज बदलला की ती पुन्हा उचलून बघत होती.

"आज अमर फोन करनार होता," शकुनबाई उंबऱ्यावर टेकली. "रिताले काल दवाखान्यात नेलं. पयलं बाळंतपन आहे."

पट्टी तीन चतुर्थांशाच्या पुढे होती. अजून थोडाच वेळ. अमर पुन्हा लावेल, अश्वजितनं स्वतःला सांगितलं. बूथमध्ये उभा असेल, एंगेज लागेल, लावेल पुन्हा. का नाही लावणार?

"आयक," पार्वताबाई कणकेचे हात घेऊन बाहेर आली. "दुपारी गोठ्यात काय करत होता तू?"

पट्टी एक केस पुढे सरकली. अश्वजितनं ती डोळ्यानं ढकलता येते का बघितलं, मग हात लांब करून मॉडेमची तार भिंतीतून उपटली. पडद्यावर खिडकी उघडली: जोडणी तुटली.

"तुमची तार मीच सोडली होती काकी. मोठं काम पाठवाचं होतं. आता जोडून देतो."

शकुनबाईनं त्याच्याकडे बघितलं. "मंग सांगाचं नाही का? मी उचललाच नसता. येवढा शिकला, अन् तोंडानं सांगता येत नाही पोराले!"

"तुमी पन सांगतल्या नाही ना काकी, रोज उचलता मनून."

"माझ्या घरचा फोन उचलाले तुले सांगू?"

परसराम दारातून मोठ्यानं हसला. अश्वजितनं गोठ्यात जाऊन तारेची टोकं घासून चकचकीत केली, घट्ट पिळली. अमरचा फोन आला नाही. त्या संध्याकाळी कोणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता. पार्वताबाई जेवण झाल्यावर भिंतीपलीकडे जाऊन बसली, आणि अश्वजित अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. वाढवता येत नाही तो वेग. मग काय कमी करता येतं?

उत्तर इतकं साधं होतं की तो जागच्या जागी थांबला. फाइल. अख्खी कशाला पाठवायची? तुकडे करायचे. तुटला तर एक तुकडा बुडेल, बाकीचे बुडणार नाहीत.

सोमवारी उजाडल्यावर तो शकुनबाईच्या दारात गेला आणि या वेळी आधी बोलला. "काकी, मी थोडं-थोडं पाठवतो. मंधात फोन मोकळा ठेवतो. मी आवाज दिला का उचलून पाहा."

"अन् तुई गडबड चालू असताना घंटी आली तं?"

"एंगेज लागेल, येनार नाही. म्हणून तं थांबून थांबून करतो."

पहिला तुकडा गेला. थांबला. दुसरा गेला. थांबला. तिसऱ्यानंतर भिंतीपलीकडे चहाचा वास सुटला असताना दोन्ही घरांत एकदम घंटी वाजली, आणि मग शकुनबाईचा आवाज गल्लीभर गेला: "पोरगी? नाक कोनावर गेलं? अन् रिता जेवली का?" पार्वताबाई हातातलं टाकून पळाली. अश्वजित खुर्चीतून उठला आणि बराच वेळ उभाच राहिला. तो फोन संपायची वाट बघताना पहिल्यांदा त्याला घड्याळ बघावंसं वाटलं नाही. पुढे पाचवा तुकडा तुटला. तेवढाच पुन्हा पाठवला. दुपार व्हायच्या आत सगळे पोचले होते.

मधुकररावांचा फोन जेवणाच्या वेळी आला. "तुकडे जोडून बघितले. नकाशा चांगला आहे. असे रोज किती पाठवाल?"

पाच, हे अश्वजितच्या ओठावर आलं होतं. रात्रंदिवस बसून लाइन अडवली तर जमलेही असते.

"दोन," तो म्हणाला.

"दोनच? छप्पनचा मॉडेम आहे ना तुमच्याकडे?"

"आहे, पण सर, तो आकडा खाली येणाऱ्याचा. वर चढताना..."

"ते राहू द्या." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. तो थांबला. तारेत तिसऱ्याच कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

"हो मना ना साहेब," शकुनबाई तिच्या डब्यातून म्हणाली. "दोन मनते तं दोन देईल पोरगा."

"कोण बोलतंय?"

"शेजारचे आहेत," अश्वजित घाईनं म्हणाला. "फोन जोडीचा आहे, सर."

मधुकरराव पहिल्यांदाच हसले. "दोन पक्के?"

"पक्के."

"मग महिनाभर बघू. आजचे दोन कागद चढवून ठेवलेत. उतरवून घ्या."

महिनाभर. अश्वजितनं फोन ठेवला, मॉडेम लावला आणि भिंतीकडे तोंड करून ओरडला, "काकी, आता जरा वेळ माझी पाळी!"

"घे," भिंतीपलीकडून आलं. "पन लवकर कर. पोरीचं नाव काय ठेवाचं ते अमरले विचाराचं आहे."