सशाचा मुहूर्त

हिमायतनगर मागे पडलं, तरी प्रणिताचा ससा काही मागे पडेना. दर गुरुवारी योगिनीकाकू आणि शेजारची प्रणिता दत्ताच्या देवळापर्यंत चालत जात. काकूंचा वाटेत मनातल्या मनात जप चाले. आज त्यात सारखा ससा घुसत होता.

"तीन वर्षं गेली काकू. लई परेशान झाले!"

प्रणिताचं संशोधन असं, की सोयरिकीला आलेली मंडळी चहा अर्धा टाकून उठावीत. अंगावर नागीण उठवणाऱ्या विषाणूंच्या घराण्यातला एक विषाणू पेशीच्या केंद्रकात तयार होतो. तिथल्या भोकांतून तो मावत नाही, म्हणून आतल्या भिंतीचाच पदर अंगावर ओढून सटकतो. त्याला पळून जायला मदत करणारं एक प्रथिन असतं. ते सशाला टोचलं, की त्याच्या रक्तात प्रथिनाला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती चमकवून पेशींवर सोडली, की सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूची चोरवाट दिसते. वडील नामदेवराव पाहुण्यांना थोडक्यात सांगत, "पोरगी सशांना इंजेक्शन देते."

प्रतिपिंडं चमकली. पण विषाणू नसलेल्या पेशींतही तितक्याच उत्साहाने चमकली.

"असं कसं गं?"

"सशाच्या अंगात आधीपासूनच काही असेल. टोचण्याआधीचं त्याचं रक्त असतं तर ताडून बघितलं असतं."

"मग घेतलं का नाही?"

"सर!"

तिचे मार्गदर्शक हिम्मतराव सर परदेशात शिकून आलेले, म्हणजे विद्वत्तेबद्दल शंकाच नाही. पंचांग बघणाऱ्या काकूंकडून टोचण्यासाठी दसऱ्याचा मुहूर्त घेऊन त्यांनी सशाला कुंकू लावलं, पिंजऱ्याला झेंडूची माळ घातली. सशाने ती खाल्ली. त्या दिवशी प्रयोगशाळेत शहाणपणाचं तेवढंच काम झालं. रक्ताचं नाव काढताच सर कडाडले, "शुभकार्याआधी रक्त? अपशकुन!"

काकू भर रस्त्यात थांबल्या. "कुठल्या पोथीत वाचलं म्हणे त्यांनी? मी फक्त वेळ सांगितली होती बाई."

"तेच तर! आता दुसरा ससा आलाय, आणि सर परत तुमच्याकडेच येणार. हाही वाया गेला, तर माझी पीएचडी संपली. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात."

"खोटंबिटं सांगायला नक्को लावू हं. देवाच्या दारी निघालोय."

"खोटं नको काकू. मुहूर्त देताना एवढंच सांगा, की सशाचं थोडं रक्त आधी काढून ठेवलं तर देव रागावत नाही."