एकशे चाळीस किलोचा जावई

परवा जिममध्ये कुणीतरी अंगाला हळद-तेल चोळून आलं होतं. त्या वासानं माझी पाठ अशी खाजू लागली, की वजनं सोडून मी उगाच येरझाऱ्या घालत राहिलो.

शेवगावकडची माझी सासुरवाडी, लग्नानंतरची पहिली जत्रा. कुस्त्यांच्या जोड्या लावणाऱ्या म्हाताऱ्या पंचांना मी सासऱ्यांदेखत ऐकवलं, "एकशे चाळीस किलो उचलतो. तगडी जोड द्या." त्यांनी माझं मनगट नुसतं चाचपलं आणि एका काटकुळ्या गड्याला बोलावलं.

"किती उचलतोस?" मी त्याला विचारलं.

"मोजलं न्हाई, दाजी. उसाच्या मोळ्या उचलतो."

मला हसू आलं. सलामी झाली, हळद-तेल मुरलेली ओली माती नाकात गेली आणि ते हसू ओसरायच्या आत मला आभाळ दिसलं. लोखंड कधी उलटून आपला पाय ओढत नाही, हे तिथं कळलं. जिंकलेला गडी माझ्या पाठीची माती झटकत होता. "लई लागलं न्हाई ना, दाजी?" सासरे फेटा सोडून पुन्हा बांधत बसले.

हे सगळं मी इतकी वर्षं हसत सांगायचो. परवा जिममधून घरी आल्यावर तसंच सांगितलं, तर बायको म्हणाली, "बाबांची लाज राखायला पंचांनी सगळ्यात कच्चा गडी दिला होता तुम्हाला."

तेव्हापासून पाठ खाजायची थांबलेली नाही.