सेलूजवळच्या जिनिंगमधली शांतता

नागपूर सोडलं तेव्हा रस्त्यावरचं धुकं अजून उठलेलं नव्हतं. मी मुंबईत कपड्यांच्या एका कंपनीत काम करते. आमचा माल परदेशी जातो, आणि तिथल्या गिऱ्हाइकांना हल्ली थेट कापसापर्यंतची खात्री हवी असते. कामगारांना कसं वागवतात, कुणावर जबरदस्ती तर होत नाही ना, हे पाहायला मला गावोगाव पाठवतात. या खेपेला सेलूजवळचं एक जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना) पाहायचं होतं.

गाडी चालवणारे गजाननभाऊ वर्ध्याचे. केळझर आल्यावर त्यांनी मला न विचारताच गाडी टेकडीकडे वळवली. "गणपतीले हात जोडल्याबिगर म्या इथून पुढं जात नाई," ते म्हणाले. दर्शन झालं, खाली एका टपरीवर गरम सांबारवडी (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर) खाल्ली, आणि थोडं पुढे जातो न जातो तोच टायर बसला. स्टेपनीतही हवा नव्हती. गजाननभाऊ चाक घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवरून गेले. मी रस्त्याकडेला बसून राहिले. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्ये तुरीच्या ओळी, आणि वेचायला कोणीही नाही. एवढं पांढरं, एवढं निःशब्द रान मी कधी पाहिलं नव्हतं.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. भिंतींचा रंग इतका ताजा होता की माझ्या बाहीला लागला. तरुण, हसतमुख मॅनेजरने आत नेलं. यंत्रांपाशी बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, घडीच्या रेघाही न मोडलेले.

"धुळीचा त्रास होतो का?" मी एकीला विचारलं.

"आम्हाला काही त्रास नाही."

दुसरीला विचारलं. "आम्हाला काही त्रास नाही." तिसरीनेही तेच सांगितलं, त्याच सुरात. ज्या मुलखात सगळे 'आमाले' म्हणतात, तिथे हे 'आम्हाला' कानाला विचित्र लागलं. त्याहून विचित्र म्हणजे बोलताना त्यांच्या नजरा माझ्यावर नव्हत्या. माझ्या खांद्यामागे, खिडकीतून दिसणाऱ्या गोदामाकडे होत्या.

मागच्या बाजूला कामगारांच्या खोल्या होत्या. एका खोलीत चूल विझून गेली होती. परातीत अर्धवट मळून सुकलेली कणीक, तिच्यावर बोटांचे ठसे. माणूस मात्र एकही नव्हतं.

"इथले लोक?"

"सुट्टीवर आहेत मॅडम," मॅनेजर म्हणाला.

तेवढ्यात चहासाठी यंत्रं थांबली. कान बधिर व्हावेत अशी शांतता पसरली. गोदामाच्या पत्र्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि त्या दारामागे कुणीतरी खोकलं. तोंडात पदर कोंबून खोकल्यासारखं.

"कबुतरं असतात आत," मॅनेजर घाईने म्हणाला.

मी दाराला कान लावला. पलीकडे, अगदी माझ्या कानाशी, कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. मग तो श्वास सुटला, खोकला फुटला, आणि त्याच्यामागून आतला सगळा अंधारच खोकायला लागला.

"कुलूप काढा."

"किल्ली शेठजींकडे आहे."

एव्हाना गजाननभाऊ मागे येऊन उभे राहिले होते. "साहेब, आत रुई हाय. ठिणगी पडली तं मानसं जितीच जळतीन. किल्ली काढा, नाई तं म्या दगड घेतो."

किल्ली मॅनेजरच्याच खिशात निघाली.

दार उघडलं. रुईच्या ढिगाआडून एकेक बाई बाहेर आली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा. कोण म्हातारी, कोण तरुण, काही कळेना. उजेडात डोळे मिटून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

सर्वांत पुढे रोहणा गावच्या शांताबाई होत्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "ज्याइले खोकला हाय त्याइनं आत बसा म्हने, पाहुनी गेली का निघा. तू सकाळीच येनार होती न? तुहीच वाट पाहून राह्यलो होतो आमी." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "आता हे लिहिशीन का वं? लिहिलं तं तुमची कंपनी माल घेनं बंद करन. मंग आमी कुठी जावं?"

मी मुंबईला साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून ते शांतपणे म्हणाले, "मग सोडून देऊ ते जिनिंग. दुसरं बघू." एका वाक्यात त्या बायका आमच्या जबाबदारीतून वजा झाल्या होत्या. मी म्हटलं, "सर, हा खोकला आपल्याच कापसाचा आहे. मी सगळं लिहीन, पण माल घेणं थांबवायचं नाही. तिथेच राहून मालकाकडून सुधारणा करून घ्यायची." ते म्हणाले, "बघू."

संध्याकाळी आम्ही शांताबाईंना वर्ध्याला दवाखान्यात नेलं. काम जाईल या धास्तीने बाकीच्या गाडीत बसायला तयार झाल्या नाहीत. छातीत धूळ साचली आहे, डॉक्टर म्हणाले, हे काम सोडायला हवं.

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. पुढच्या काही आठवड्यांत कंपनीने शेवटी माझं ऐकलं, तेही बरीच वादावादी झाल्यावर. मला वाटलं, आपलं काम झालं. मग एक दिवस शांताबाईंचा फोन आला.

"धूळ वढून घेनारे पंखे लागले. मले आंगनात झाडू माराचं काम देल्लं."

"आणि खोकला?"

"हाय न." बोलता बोलताच त्यांना उबळ आली. "येजो बाई पुन्हा. पन सांगून नोको येजो."