मिस क्लोटिलची बंद खिडकी

रविवारी दुपारी मिस क्लोटिल रेडिओवर आली की आधी कोणावर तरी ओरडते आणि मग गाणं लावते. मी पाळण्यात होते तेव्हापासून हे असंच आहे. "ए निळ्या घरवाल्यांनो, तो कुत्रा आत घ्या, माझ्या ट्रम्पेटच्या मधे मधे भुंकतोय!" आणि निळ्या घरातून खरंच कोणीतरी कुत्र्याला हाका मारायला लागतं, आणि त्या हाका पण रेडिओवर ऐकू येतात, कारण खिडकी सताड उघडी असते. मग ती म्हणते, "शहाणं माझं बाळ," आणि सुई रेकॉर्डवर ठेवते.

आमचं स्टेशन म्हणजे न्यू ऑर्लीन्सच्या ट्रेमे वस्तीतल्या बेकरीच्या वरची माडी. त्याला चांगलं लांबलचक नाव आहे, पण ते कोणी घेत नाही, सगळे "बेकरीवरचं" म्हणतात. तिथे मी धरून पगार कोणालाच नाही. जो तो आपापल्या वेळेला येतो, आपल्याला आवडतं ते जॅझ वाजवतो, खालून गरम पाव घेतो आणि घरी जातो.

मिस क्लोटिलने सगळं आयुष्य शाळेची बस चालवली. बसमध्ये रेडिओ लावायचा नाही असा नियम होता आणि तो नियम तिला कोणीतरी दर वर्षी नव्याने समजावून सांगायचं, ती दर वर्षी मान डोलवायची, आणि बस कोपऱ्यावरून वळली की रेडिओ सुरू. मागे दंगा करणाऱ्याला शिक्षा एकच. पुढे येऊन बसायचं आणि आत्ता क्लॅरिनेट कोण वाजवतंय ते सांगायचं. नाही आलं तर उद्या परत पुढे. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या वाजवणाऱ्यांचं शिक्षण असंच झालंय. ऑक्टेव्ह, म्हणजे आता ज्याचा स्वतःचा ब्रास बँड आहे तो, चौथीत असताना सीटच्या पाठीवर इतका ठोकायचा की तिने त्याला घरून एक जुनी परात आणून दिली. म्हणाली, "सीट सरकारची आहे, ही माझी आहे, हिच्यावर ठोक."

बसची नोकरी संपली तशी ती आपल्या रेकॉर्डचा खोका घेऊन बेकरीचा जिना चढली आणि माइकसमोर जो बसला होता त्याला म्हणाली, "ऊठ." तेव्हापासून रविवार दुपार तिची.

आणि रविवार दुपार म्हणजे आमच्याकडे परेड. गल्लीगल्लीत क्लब आहेत, आज याची परेड, पुढच्या रविवारी त्याची. पुढे एकसारखे सूट घातलेले क्लबवाले, हातात पिसांचे पंखे, मग बँड, आणि मागे रुमाल आणि छत्र्या नाचवत अख्खी गल्ली. बेकरीपाशी आली की परेड थांबतेच. मिस क्लोटिल खिडकीतून माइक टोपलीत ठेवून दोरीने खाली सोडते, बँड तिच्यासाठी एक गाणं वाजवतो, आणि ते थेट रेडिओवर जातं. माझ्या आजोबांचे पाय गेल्यावर त्यांची परेड ती एवढीच होती. पलंगावर पडून खांदे उडवायचे. आमच्याकडे असे खूप जण आहेत, दर घरात एखादा तरी.

तर डेझमंड. डेझमंड आमच्या स्टेशनचा मॅनेजर, माणूस एकदम चांगला, हे मी आधीच सांगून ठेवते कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. तो पण तिच्याच बसमधला. त्याला बस लागायची म्हणून तो कायम तिच्या मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी. मॅनेजर झाल्यावर त्याने स्टेशनचं खरंच सोनं केलं. आधी छत गळायचं, आम्ही गाणी सुरू असताना बादल्या बदलायचो. खालच्या बेकरीचा फ्रीज सुरू झाला की प्रत्येक हळुवार गाण्यात घर्रर्र. डेझमंडने छत बांधून घेतलं, नवा ट्रान्समीटर आणला, आता नदीपलीकडे पण स्वच्छ ऐकू येतं. मग तो थांबेना. भिंतींना फोम लावला. दाराला कार्डाने उघडणारं कुलूप लावलं. फोन आणला तो वाजत नाही, नुसता लाल दिवा लागतो. आणि सगळ्यात शेवटी ती खिडकी, तिचं काम तेवढं बाकी होतं. दुहेरी काच, आतून फोमचा जाड पडदा, बाहेरून लाकडी दारं बंद. ते झालं की आतमध्ये स्वतःच्या पोटातला आवाज ऐकू येईल इतकी शांतता.

हे सगळं मिस क्लोटिलने सहन केलं. पण मग डेझमंडने कार्यक्रमांचा नवा आराखडा भिंतीला लावला, आणि त्यात रविवारचे सगळे कार्यक्रम गुरुवारी रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवरून लावायचे असं होतं.

"म्हणजे मी गुरुवारी रविवारबद्दल बोलू?" ती म्हणाली.

"मिस क्लोटिल, त्यात तुमचाच आराम आहे. रविवारी तुम्ही घरी बसून स्वतःलाच ऐकायचं."

"मला स्वतःला ऐकायचा कंटाळा आहे, म्हणून तर मी गाणी लावते. आणि परेड?"

"परेडचं पण रेकॉर्डिंग करू की, मागच्या वर्षीचं चांगलंय आपल्याकडे..."

"डेझमंड बाळा, मी तुला तुझ्या लहानपणी इतकी वर्षं सांभाळून शाळेत पोचवलं ते तू मला शिळं वाढावंस म्हणून?"

आम्ही सगळे हसलो, पण डेझमंड नाही हसला आणि ती पण नाही. ती म्हणाली, थेट नसेल तर मी नाही. डेझमंड म्हणाला, निदान विचार तरी करा. शेवटी ठरलं की येणारा रविवार ती थेट करेल आणि कार्यक्रमाच्या शेवटी काय ते स्वतःच सांगेल. म्हणजे कदाचित तो तिचा शेवटचा रविवार. मी घरी जाऊन इतकी रडले की आईला वाटलं माझं ब्रेकअप झालं.

तो रविवार उजाडला. मी मुद्दाम परेडमध्ये गेले, म्हटलं खालून एवढं ओरडू की ते रेडिओवर जाईल आणि डेझमंडला लाज वाटेल. ऑक्टेव्हचा बँड होता, ऊन मस्त, सगळे घामाघूम आणि खूश. आम्ही नाचत नाचत बेकरीच्या कोपऱ्यावर वळलो.

आणि खिडकी बंद.

नुसती बंद नाही. लाकडी दारं लावलेली, आणि वर काळं प्लास्टिक बांधलेलं, गॅलरीच्या कठड्यापर्यंत लोंबत होतं. काच बसवणारे कामगार शनिवारी काम उरकून ते तसंच ठेवून गेले होते, पण हे आम्हाला नंतर कळलं. आता आमच्याकडे कोणाच्या घराची खिडकी परेडच्या दिवशी बंद असेल आणि तिच्यावर काळं कापड असेल, तर त्याचा अर्थ एकच होतो. तो कोणाला सांगावा लागत नाही.

ऑक्टेव्हने हात वर केला. बँड थांबला. मागचे लोक पुढच्यांवर आपटले, मग त्यांनी पण वर बघितलं. एक बाई म्हणाली, "नाही. नाही नाही नाही." ऑक्टेव्हने टोपी काढली. एवढा मोठा माणूस, अंगाभोवती तो पितळी भोंगा, आणि हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती. "कोणी कळवलं पण नाही मला," तो म्हणाला. मग ड्रमवाल्याने ड्रमवर रुमाल टाकला म्हणजे आवाज मऊ यावा, आणि बँडने शोकधून सुरू केली. एकदम हळू. एक पाऊल, थांबायचं, दुसरं पाऊल.

मी हमसाहमशी रडत होते. बेकरीवाले बाहेर आले, "कोण गेलं?" कोणीतरी सांगितलं, ते पण रडायला लागले. त्यांच्याच डोक्यावर ती बसलेली, पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही, इतकी चोख शांतता डेझमंडने करून ठेवली होती.

तेवढ्यात मागून मिस्टर युलिसची उघडी गाडी आली. ते क्लबचे सगळ्यात म्हातारे, परेडभर गाडीत बसतात आणि रेडिओ लावतात. आणि रेडिओवर मिस क्लोटिल! मस्त गप्पा मारतेय. लोक आणखीच रडायला लागले.

"गुरुवारी रेकॉर्ड करून घेतलं असणार त्या डेझमंडने," एक जण म्हणाला.

"बघा ना, माणूस गेलं तरी कामाला लावलंय," दुसरा.

मला राहवेना. नक्की काय झालं, कधी झालं, कोणाला तरी विचारायचंच होतं, म्हणून मी तिथूनच स्टेशनला फोन लावला. रिंग वाजतेय, वाजतेय. आणि मिस्टर युलिसच्या गाडीतून मिस क्लोटिलचा आवाज आला, "आता हा लाल दिवा का लुकलुकायला लागला? फोन आहे वाटतं. कुठलं बटण दाबायचं देव जाणे. दाबलं तर छत उघडायचं."

मी फोन बंद केला.

"गेला दिवा," रेडिओ म्हणाला.

मी परत फोन लावला.

"आला परत. काय चिकट माणूस आहे!"

"ती जिवंत आहे!" मी इतक्या जोरात किंचाळले की ट्रम्पेटवाल्याचा सूर गेला. "ऐका! मी बंद करते, बघा!" आणि खरंच, "गेला," असं रेडिओ म्हणाला. मग जो काय गोंधळ झाला! लोक मिठ्या मारतायत, ऑक्टेव्ह भोंग्यासकट खाली बसला, बेकरीवाली नवऱ्याला मारतेय की तू वर जाऊन बघितलं का नाहीस. बँडने लगेच नाचायचं गाणं सुरू केलं, एवढ्या जोरात की झाडावरची पाखरं उडाली.

वर मात्र काहीच नाही. तिला एक सूर ऐकू येत नव्हता. आम्ही दार बडवलं. कार्डाचं कुलूप, आणि परेडमध्ये कार्ड घेऊन कोण येतं?

बँड दम घ्यायला थांबला आणि गाडीतून तिचा आवाज आला, आता वेगळाच, हळू. "परेड आली नाही बरं का आज. खिडकी बंद असली तरी बँड काय ऐकू आला नसता? पहिल्यांदाच. वाट बदलली असेल. नाहीतर विसरले असतील, चालायचंच. मी तुम्हाला आज काहीतरी सांगणार होते. मला वाटतं आमच्या डेझमंडचंच बरोबर आहे. खिडकीखाली कोणी येतच नसेल तर रविवार काय आणि गुरुवार काय. हे एक गाणं ऐका, मग सांगते."

आम्ही तिच्या नाकाखाली उभे होतो, शंभर गळे, आणि तिला वाटतंय आम्ही तिला विसरलो.

तेवढ्यात सायकलवरून डेझमंड. चेहरा रडून सुजलेला. "कधी गेली? कशी गेली?"

"अरे गेली नाही! तू रेडिओ नव्हतास का ऐकत?"

"ऐकत होतो ना! पण आईने फोन करून सांगितलं की ती गेली. आईवर विश्वास ठेवू का रेडिओवर?"

"कार्ड काढ!" ऑक्टेव्ह गरजला.

कार्ड पाकिटात नाही, खिशात नाही, शेवटी बुटात निघालं, का ते मला विचारू नका. जिना आम्ही कसा चढलो ते आठवत नाही. दार उघडलं तर मिस क्लोटिल कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेली, गाणं संपत आलेलं, हात माइकच्या बटणावर. डेझमंड तिच्याकडे गेलाच नाही. तो सरळ खिडकीकडे गेला आणि त्याने तो फोमचा पडदा दोन्ही हातांनी ओढून काढला. काच स्क्रूने बसवलेली होती. मी म्हटलं फोड! तो म्हणाला, "वेडी आहेस का, नवीन आहे!" आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक स्क्रू काढायला लागला, नाक ओढत, रडत.

तिने डोळे उघडले. "डेझमंड? अरे मी चालू आहे रेडिओवर. आणि हे काय करतोयस, कालच लावलीस ना ती काच?"

"दुसरं गाणं लावा, मिस क्लोटिल. लांबलचक लावा."

काच निघाली, लाकडी दारं त्याने लाथेने उघडली, काळं प्लास्टिक खाली कोसळलं आणि अख्खी गल्ली एकदम आत आली. भोंगा, ड्रम, शिट्ट्या, निळ्या घरातला कुत्रा. मिस क्लोटिल खिडकी ओलांडून गॅलरीत गेली. खाली सगळे तिच्याकडे बघून परत रडायला लागले.

"काय झालं? कोण गेलं?" तिने विचारलं.

ऑक्टेव्हने टोपी हातात चुरगाळली. "तुम्ही."

"मी? कधी?"

"मघाशी. आम्ही शोकधून पण वाजवली."

तिने कठड्यावर हात ठेवून खालच्या एकेकाकडे बघितलं. मला वाटलं आता ती रडणार. ती म्हणाली, "कशी वाजवलीत?"

"चांगली वाजवली."

"ड्रमवर रुमाल टाकलात?"

"टाकला."

"मग माझ्यासाठी वाजवलेलं मलाच ऐकवलं नाहीत, लाज नाही वाटत? परत वाजवा! सगळं! आणि ऑक्टेव्ह, तू घाई करतोस, चौथीपासून घाई करतोस!"

टोपली मिळेना, मग डेझमंडने आपल्या शर्टात माइक गुंडाळला आणि वायरने खाली सोडला, स्वतः बनियनवर. बँडने शोकधून पहिल्यापासून वाजवली, ती रेडिओवर गेली, नदीपलीकडेपर्यंत गेली, आणि मग नाचायचं गाणं. मिस क्लोटिल गॅलरीत रुमाल काढून नाचली. स्वतःच्या अंत्ययात्रेत नाचायला मिळालेली आमच्या गल्लीतली ती एकटीच. पुढच्या कार्यक्रमाची वेळ कधीच होऊन गेली होती, पण ज्याचा तो कार्यक्रम होता तो माणूस खाली छत्री नाचवत होता.

दम लागल्यावर ती आत येऊन बसली. डेझमंडने माइक वर ओढला आणि स्वतःच बोलला, रेडिओवर, आवाज अजून भरलेला. "ऐकणाऱ्या सगळ्यांना सांगतो. या खिडकीला आता बिजागऱ्या लागतील. गाणं असताना ती बंद राहील, परेड असताना उघडेल. आणि मिस क्लोटिल दर रविवारी थेट. पुढच्या रविवारी, याच वेळेला, इथूनच."

"पुढच्या रविवारी?" मिस क्लोटिलने मागून त्याला ढोसलं. "मला विचारलंस? पुढच्या रविवारी माझ्या भाचीचं लग्न आहे."

अख्खं न्यू ऑर्लीन्स ऐकत होतं.

"मग... गुरुवारी रेकॉर्ड करूया का?" डेझमंड एकदम बारीक आवाजात म्हणाला.

"मेलेल्याला रेकॉर्ड करा, मी जिवंत आहे हे आत्ता सगळ्यांनी बघितलं. लग्न चर्चमध्ये आहे, चर्च त्या कोपऱ्यावर आहे. तुझी ती वायर कुठपर्यंत पोचते?"

खालून लोक हसायला लागले. डेझमंड मात्र हसला नाही. तो खिडकीत वाकला, कोपऱ्यापर्यंत बघितलं, आणि खरंच मनातल्या मनात वायर मोजायला लागला.