देवरावचा बारीक दगड

देवराव माझा मावसभाऊ. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं चाकू-सुऱ्यांना धार लावायचं दुकान; मीही तिथे हाताशी असायचो. बोलायला फटकळ, पण कामात कुणी बोट ठेवावं असा नव्हे. सहा वर्षं त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं: संत्र्याच्या कलमा बांधणाऱ्यांसाठी अगदी बारीक दगड बनवायचा. कलमेच्या चाकूची धार जराशी खरबरीत असली तरी साल फाटते आणि तिच्यात बसवलेला कोंबाचा डोळा वाळून जातो.

त्यासाठी तो कुरुंदाच्या कठीण दगडाची भुकटी पिंपात ढवळायचा, जाड कण तळाला बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या पिंपात काढायचा, तिथून तिसऱ्या. शेवटी उरलेल्या पिठासारख्या गाळाचे दगड थापून भट्टीत भाजायचा.

पहिला मनाजोगता दगड त्याने धोंडबाला दिला. धोंडबा चाळीस वर्षं काटोल रोडवर मधुकररावांच्या नर्सरीत कलमा बांधत होता. त्या हिवाळ्यात मात्र त्याने बांधलेले निम्मे डोळे काळे पडले. मधुकररावांनी आम्हाला बोलावून घेतलं. धोंडबा हळूच म्हणाला, "दगडात काही असन का गा, देवराव?"

"दगडाले काहून नावं ठेवता? हात थरथरून राहिला तुमचा," देवराव सगळ्या मजुरांसमोर म्हणाला.

हात थरथरताना आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. तरी मी मान डोलावली. आपल्या माणसाची बाजू घ्यायची, एवढंच मला सुचलं. त्याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून मधुकररावांनी धोंडबाला रोपांना पाणी द्यायला लावलं.

उन्हाळ्यात देवरावने त्याच खेपेतल्या दगडावर स्वतःचा चाकू घासला आणि सहज भिंगातून पाहिला. पात्यावर लांबलचक ओरखडा. कारण सापडायला दोन दिवस गेले. सगळी पिंपं तो एकाच काठीने ढवळायचा. धुवायचा, पण काठीला चीर होती आणि चिरेत जाड कण अडकून बसले होते. त्या दिवशी तो जेवला नाही. "साऱ्या लोकायसमोर बोललो ना मी," एवढंच म्हणत राहिला.

नवा दगड करून आम्ही नर्सरीत गेलो. देवरावने मधुकररावांना आणि मजुरांना गोळा केलं आणि सगळं सांगितलं.

"हात चांगलाच होता तुमचा, धोंडबाभाऊ. मी खोटं बोललो."

मग त्याने धोंडबाचा चाकू नव्या दगडावर लावून त्याच्या हातात दिला. सहा महिने धोंडबाने चाकू धरला नव्हता. तो रोपापाशी उकिडवा बसला, सालीवर पातं टेकवलं. सगळे त्याच्या हाताकडे पाहत होते, तोही. पातं हलायला लागलं. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तरी ते थांबेना.

त्याने चाकू मिटून देवरावला परत केला.

"खोटं कुठं बोलला गा तू," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.