दुपट्ट्याखालचा हात

पहिली पाळी संपवून कारखान्याच्या फाटकाबाहेर आलो, तेव्हा वैशाली रिक्षात बसूनच माझी वाट पाहत होती. मांडीवर आमची मुक्ता, पायाशी दोन बॅगा. रेकॉर्डर घेतलाय का, हा तिचा पहिला प्रश्न. घेतला होता, मोज्यांच्या जोडीत गुंडाळून. तिने मान हलवली आणि रिक्षावाल्याला स्टेशनकडे निघायला सांगितलं.

नाशिकला सातपुरात मी कॉम्प्रेसर चालवतो, तिन्ही पाळ्यांत. आठवडा बदलला की झोप बदलते, जेवण बदलतं, बायकोशी बोलायची वेळही बदलते. त्यातून उरलेल्या फटीत मी एक पॉडकास्ट करतो, ‘तिसरी पाळी’ नावाचं. दर भागात एक काम आणि त्या कामाचे आवाज. ऐकणारे बहुतेक रात्री जागणारे असतात, पहारेकरी, परिचारिका, भट्टीवरचे पाववाले. जालन्याच्या एका पहारेकऱ्याने एकदा लिहिलं होतं, तुमचा भाग असला की रात्र लवकर सरते. ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. पण गेले कित्येक आठवडे भागच निघाला नव्हता. दिवाळीही मी कारखान्यातच काढली, आणि पाळ्यांची अदलाबदल करून करून शेवटी ही चार दिवसांची सुट्टी हाती लागली.

वैशालीने अट आधीच सांगून ठेवली होती. या सुट्टीत रेकॉर्डर एकदाच निघेल, एक तासापुरता. तास आवरता आला तर पुढेही चालू दे. नाही आवरला तर नाशिकला गेल्यावर यंत्र कपाटात. ती रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. पण ती थकून म्हणाली होती, म्हणून मी कबूल केलं.

अकोल्याला पहाटे उतरलो. फलाटावर पाय टेकताच वैशालीची भाषा बदलते. नाशिकला शाळेत प्रमाण मराठी शिकवणारी बाई हमालाला सरळ ‘काहून राजा, इतके कायचे?’ असं विचारते आणि मुक्ता खुदखुदत बसते. तिच्या मावशीकडे आंघोळी झाल्या. मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एवढे काहून वाळले, नाशकात खायले देत नाई का, असं वैशालीसमोरच विचारलं. पुणेकराला हा अपमान वाटेल. इथे ही माया आहे, हे समजायला मला दोन-तीन वर्षं लागली. जेवायला गोळाभात (भातात शिजवलेले डाळीचे गोळे) होता, वर लसणाची फोडणी दिलेलं कढत तेल. मी तीनदा वाढून घेतला आणि मावशींचा जीव भांड्यात पडला.

दुपारी अमरावतीला पोचलो. मुक्ताला गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा, वर आंबटगोड चटणी) खायचा होता. गाडीवाल्याची कढई अशी काही चरचरत होती की माझा हात आपसूक बॅगेकडे गेला. वैशालीने माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात मागे घेतला आणि त्याच हाताने वडा खाल्ला. माझा तास मी शेंदूरजनाघाटासाठी राखून ठेवला होता. तिथे वैशालीच्या माहेरचा संत्र्यांचा बगीचा आहे, आणि मोठा भाऊ गजूदादा उद्या त्यातला झाडावरचा माल व्यापाऱ्याला देणार होता. सौदा म्हणजे बोली, घासाघीस, आरडाओरडा. नाशिकच्या कांद्याचे लिलाव ऐकलेल्या माणसाला याहून चांगला भाग कुठे मिळणार?

दुसऱ्या दिवशी मोर्शीपर्यंत दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस होता. पुढे वरूडकडे वळलो आणि रस्ता हिरवा व्हायला लागला. मागे सातपुड्याची निळी रेघ. एसटी पंक्चर झाली, तर चालक उतरून निवांत तंबाखू मळत बसला, आणि एका आजींनी ओळखपाळख नसताना मुक्ताच्या ओंजळीत संत्री ओतली. मला फार बरं वाटत होतं. कुठल्याच भोंग्याची वाट पाहायची नव्हती.

बगिच्यात पोचलो तेव्हा गजूदादाने रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत भाजलेले जाड कणकेचे गोळे) बेत मांडला होता. जावई आला म्हणून शेजारचे चार शेतकरीही बोलावले होते. वैशाली आणि वहिनी आराजवळ बसल्या. तेवढ्यात मोटरसायकलवरून व्यापारी आले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, सगळे त्यांना रहीमचाचा म्हणत. त्यांनी झाडांमधून एक फेरी मारली, दोन-चार फांद्या हलवून पाहिल्या आणि सतरंजीवर गजूदादासमोर येऊन बसले. मी त्यांची परवानगी घेतली, वैशालीकडे पाहिलं, तिने मान डोलावली. माझा तास सुरू झाला.

गजूदादाने खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोघांच्या उजव्या हातांवर टाकला, आणि दोघे गप्प झाले.

मी वाट पाहत राहिलो. दुपट्टा हलायचा, गजूदादाची भुवई चढायची, चाचा मान हलवायचे. तोंडातून शब्द नाही. शेजाऱ्याने माझ्या कानात सांगितलं की भाव बोटांनी होतो, चार लोकांत कोणाला कळू नये म्हणून. माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये फक्त साळुंक्या ओरडत होत्या. इतक्या लांब येऊन मी साळुंक्यांचा भाग काढणार होतो.

गजूदादा पाणी प्यायला हात काढून वळला, तेव्हा मला वाटलं, निदान हातांची सळसळ तरी मिळेल. कॉलरला लावायचा छोटा माइक मी हळूच दुपट्ट्याखाली सरकवला. सरकवताना माझा हात चाचांच्या हातात गेला. त्यांनी काही बोटं दाबली. मी घाबरलो, आणि घाबरलेला शहरी माणूस करतो तेच केलं. हसून त्यांचा हात हातात घेतला आणि हलवला.

चाचांनी दुपट्टा ओढला. “झाला सौदा,” ते म्हणाले.

हात हलवणं म्हणजे भाव पक्का, आणि पक्का भाव फिरवला तर त्या बगिच्यात दुसरा व्यापारी पाय ठेवत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त गजूदादाचा उतरलेला चेहरा दिसला. चाचांच्या शेवटच्या भावाला तो इतका वेळ नाही म्हणत होता. वर्षभराची छाटणी, पाणी, फवारणी माझ्या एका हात मिळवण्यात गेली होती. एका वाक्यात त्याला हे मोडता आलं असतं, की हा हात माझा नाही, याला किंमत नाही. पण चार लोकांत जावयाच्या हाताला किंमत नाही असं म्हणायचं कसं? गजूदादाने दुपट्टा उचलला, घडी केली आणि शांतपणे म्हणाला, “जवाईबापूनं देल्ला त देल्ला.”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि त्या माणसाबद्दल फार माया दाटून आली.

तेवढ्यात पदराला राखेचे हात पुसत वैशाली आली. “थांबा चाचा,” ती म्हणाली. “हात मालकाचा लागते. ह्यायले घरातली साखर कुठी हाय थे माईत नाई, हे बगीचा काय विकतीन?”

शेजारी हसले. गजूदादाला जे बोलता येत नव्हतं ते बोलायचा हक्क त्या जागी एकट्या तिला होता.

“मंग हात कोनाचा?” चाचांनी विचारलं.

“माहा. सातबाऱ्यावर नाव हाय माहं.”

नाव होतं. वडील गेल्यावर दोघांचं लागलं होतं. हिस्सा तिने कधी मागितला नव्हता, आज मात्र ती भावाच्या शेजारी मांडी घालून बसली, दुपट्टा पुन्हा पसरला आणि त्याखाली हात घातला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही वैशाली मी पाहिली नव्हती. चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. मध्येच ती आराकडे वळून वहिनीला रोडगे उलटवायला सांगत होती आणि खाली बोटं चालूच होती. चाचांनी दोनदा हात काढून घेतला, दोनदा परत दिला. शेवटी दुपट्टा जोरात हलला. तिने भावाकडे पाहिलं आणि गजूदादाचा श्वास सुटला.

“बापावर गेली लेक,” चाचा म्हणाले आणि आपणहून रोडगे खायला बसले. लहानपणी वडील तिचा हात आपल्या हातासोबत दुपट्ट्याखाली घ्यायचे, हे मला त्यांच्याकडून कळलं. तूप सोडलेला रोडगा, वांग्याची भाजी, वरण. गजूदादा माझ्या पानात सगळ्यांपेक्षा जास्त तूप ओतत होता. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाला, पहिले जेवा.

माइक त्याच्या चिमट्याने दुपट्ट्यालाच अडकून राहिला होता. रेकॉर्डर बंद करायचं मी विसरलो होतो. हे लक्षात आलं तेव्हा हात धुऊन झाले होते आणि तास केव्हाच उलटून गेला होता. चाचांना विचारलं, हे लोकांना ऐकवलं तर चालेल का? आयकवा न, भाव थोडीच आयकू येते, ते म्हणाले.

परतीच्या गाडीत सीटखाली संत्र्यांचं गाठोडं होतं, गजूदादाच्याच दुपट्ट्यात बांधलेलं. अकोला मागे पडल्यावर मी वैशालीला सगळं सांगून टाकलं. अट मोडली होती. तिने हेडफोन कानाला लावले आणि डोळे मिटले. बराच वेळ ती स्वतःचं वऱ्हाडी ऐकत होती. मग सळसळ आली असावी, कारण ती एकदम स्थिर झाली. मला ठाऊक होतं की तिथे शब्द नाहीत, फक्त कापड आणि दोन माणसांचे श्वास आहेत. माझ्या सगळ्या भागांमधले सगळ्यात चांगले आवाज तेच होते.

हेडफोन काढून ती म्हणाली, “यातलं काही कापू नका.”

“आणि यंत्र? कपाटात?”

तिने संत्री पिशवीत ओतली. दुपट्टा झटकून आमच्या दोघांच्या हातांवर पसरला. आठवड्याला रेकॉर्डरचे किती तास, हे आता इथेच ठरणार होतं. मुक्ता समोरून डोळे मोठे करून पाहत होती. वैशालीने बोटं दाबली. मी एक बोट वाढवून मागितलं. तिने सरळ हात काढून घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि परत दिला. बाबा किती, बाबा किती, मुक्ता विचारत होती.

हे चार लोकांत सांगायचं नसतं. पुन्हा बोटं आली. ती मी नीट मोजली, पुन्हा एकदा मोजली, आणि मगच तिचा हात हलवला.